पुंजामामाचं नाक

पेला तिरका धरा, मी सांगते
पुण्याहून आलेल्या सहा जणांना.
आधी नुसता वास घ्या.
जांभूळ, थोडी मिरी,
आणि सगळ्यात शेवटी, दमानं,
वाळल्या तंबाखूचं पान.
ते डोळे मिटतात, माना हलवतात.
तंबाखूचं पान त्यातल्या एकानंही पाहिलेलं नसतं.

मी पाहिलंय.
या टेस्टिंग रूमपासून दोन शेतं सोडून, कादवेच्या काठी
पुंजामामाचा अर्धा एकर होता.
कुंपण नव्हतं. लागायचंच नाही.
बकरीसुद्धा हुंगून पुढं जायची.
मामा म्हणायचा, माणूस सोडून याला कुणी तोंड लावत नाही,
तेवढी अक्कल जनावराला आहे.

शेंडे खुडायला मला न्यायचे.
हाताला चीक बसायचा, आधी पिवळा, मग काळा,
साबणाला दाद न देणारा.
दोन दिवस भाकरी कडू लागायची
आणि मामी हसायची,
आता झालीस तू या घरची.

पीक निघालं म्हणून काम सरायचं नाही.
पानं रात्री दवात पालथी टाकायची,
ऊन चढायच्या आत उचलायची,
करकरीत झालेलं पान हातात मोडतं
आणि मोडलेल्याला व्यापारी हात लावत नाही.
मग पडवीत ढीग. वर गोणपाट. वर दगड.
तिसऱ्या दिवशी मामा कोपरापर्यंत हात आत घालायचा,
तापलेल्या लेकराच्या कुशीत घालावा तसा,
बाहेर काढून नाकाशी धरायचा:
"कच्चं आहे. अजून गवत बोलतंय."
ढीग मोडायचा. खालचं वर, वरचं खाली.
गुळाचं पाणी शिंपडायचं. पुन्हा दगड.
सातव्या की आठव्या दिवशी
पिकल्या चिंचेचा, ओल्या कातड्याचा दर्प
पडवीतून थेट रस्त्यापर्यंत जायचा
आणि मामा काहीच बोलायचा नाही.
तो बोलला नाही की समजायचं, मुरलं.

त्याच पडवीत मामीची मिसरी भाजली जायची.
नाशिकला तिचा अर्धा जबडा काढला,
पुढच्या पोळ्याला ती नव्हती.
तेव्हापासून त्या ढिगाबद्दल मामा चांगलं बोलत नाही.
वाईटही बोलत नाही.

द्राक्षं तर आधीपासून होतीच,
हळूहळू आमच्या बांधाला येऊन टेकली.
मामानं फक्त चार वाफे ठेवले,
काढा करून मोगलांच्या वेलींवरचा मावा मारायला.
मग परदेशातून माल परत आला,
तपासणीच्या कागदावर तंबाखूचा अंश,
एवढासा, पूर्णविरामानंतर दोन शून्यं सोडून.
मोगल काही म्हणाले नाहीत.
वाफे मामानंच उपटले.
बी तेवढं औषधाच्या बाटलीत ठेवलं,
मोहरीहून बारीक,
एका चिमटीत दोन एकर.

मंगळवारी आमच्याकडं सुट्टी असते.
मी मामाला गाडीवर मागं बसवून आणलं.
उंच खुर्चीवर त्याचे पाय लोंबत होते.
पेला पुढं ठेवला तशी सवयीनं
त्यानं सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सारली,
मग पेल्याच्या तोंडाकडं बघून स्वतःशीच हसला.
नाक आत घातलं.
बराच वेळ घातलं.
बाहेर टँकर वळत होता, त्याचा भोंगा वाजून थांबला.

मामा काहीच बोलला नाही.

मुरलं असेल.
किंवा मामी आठवली असेल.
मी विचारलं नाही, त्यानंही
पेला न पिता, न सांडता, होता तिथं ठेवला
आणि म्हणाला, चल, ऊन व्हायच्या आत सोड मला.

बुधवारी नवा गट आला, आठ जण.
पेला तिरका धरा, म्हटलं.
जांभूळ, म्हटलं.
मिरीवर थांबले.